चार पाण्यांची भाजी

आमच्या शॉपमध्ये लिंबू आणायला बंदी आहे. डब्यातल्या फोडीपासून खंडेनवमीच्या लिंबू-मिरचीपर्यंत सगळ्याला. ही बंदी मी घातलेली आहे आणि तिच्यावरून कुपवाडच्या आमच्या गल्लीत माझी भरपूर चेष्टा होते. शेजारच्या फाउंड्रीतली माणसं मला येताना बघून मुद्दाम एकमेकांना विचारतात, "उसाच्या रसात लिंबू पिळलंय का रं? मग लपव."

आमचं काम प्लेटिंगचं. बिजागऱ्या, कड्या, कुलपांचे भाग लोखंडाचे येतात आणि पितळेचा मुलामा घेऊन जातात. तो मुलामा ज्या टाकीत चढतो तिच्यात सायनाइड असतं. सायनाइड म्हटलं की लोकांचे डोळे मोठे होतात. त्यांना सिनेमातली अंगठी आठवते, अंगठीतली पूड आठवते. मला आठवतो तो निळा ड्रम, त्याच्यावरचं कुलूप आणि त्या कुलपाची किल्ली. ती गेली बारा वर्षं माझ्या मंगळसूत्राशेजारी दुसऱ्या दोऱ्यात असते.

टाकीतलं सायनाइड कॉस्टिक सोड्याच्या संगतीत गप्प बसून असतं. त्याला आंबट लागलं की ते वायू होऊन उठतं आणि मग पळायलाही वेळ मिळत नाही. म्हणून आमच्याकडे ॲसिडच्या टाक्या भिंतीपलीकडे, त्यांचं गटार वेगळं, बादल्या वेगळ्या, हातमोजेसुद्धा वेगळ्या रंगाचे. खरं सांगायचं तर एका लिंबानं त्या टाकीचं काही वाकडं होणार नाही. पण आज लिंबू चाललं तर उद्या कुणीतरी ॲसिडची बादली "जरा इथंच ठेवतो" म्हणेल. एका खंडेनवमीला आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी नेमकं सायनाइडच्या टाकीवर लिंबू कापायला घेतलं. मी ते हातातनं काढून घेतलं तेव्हा ते म्हणाले, "म्याडम, तुमी देवाला बी भेत न्हाई." मी म्हटलं, "देवाला भेते म्हणून तर काढून घेतलं." तेव्हापासून टाकीला झेंडूचा हार आणि नारळ एवढंच.

माझं खरं काम मात्र टाकीच्या पुढचं आहे. मुलामा चढलेल्या वस्तू पाण्यातनं विसळून काढतात, त्या विसळणीत विष उतरतं आणि ते पाणी तसंच बाहेर सोडता येत नाही. ते वेगळ्या हौदात साठवायचं. कॉस्टिक टाकून त्याचा पीएच चांगला चढवायचा. मग हायपो, म्हणजे ब्लीचिंगचंच पातळ रूप, थोडं थोडं सोडायचं, ढवळायचं आणि वाट बघायची. सायनाइड मोडतं आणि त्याहून पुष्कळ सौम्य असं काहीतरी बनतं. मग पीएच जरा खाली आणून हायपोचा दुसरा डोस द्यायचा, की तेही मोडून हवेत जाणाऱ्या निरुपद्रवी वायूंवर येतं. मग तांबं-जस्त गाळ होऊन तळाला बसतं. शेवटी तपासणी, आणि शेवटच्या टाकीत गप्पी मासे. मासे कायद्यानं लागत नाहीत. ते मिस्त्रींनी आणून सोडलेत, त्यांचा माझ्या कागदांपेक्षा माशांवर जास्त विश्वास आहे.

या कामात घाई चालत नाही. पहिल्या डोसनंतर हौदातलं पाणी तपासलं तर ते विषारीच निघणार. त्याचा अर्थ काम चुकलं असा नाही, काम अजून झालेलं नाही एवढाच. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हे शिकवते. आणि हेच मी एकदा, शहाणी बीएस्सी झालेली असून, माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात विसरले होते.

मी जतकडची. माझे वडील, आमचे अण्णा, मेंढरं राखायचे. हे विष मी कुपवाडला यायच्या कितीतरी आधी ओळखत होते, फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. कापून नेलेल्या जोंधळ्याला बुडातून जो कोवळा फुटवा येतो, त्यात वडील मेंढरू घालायचे नाहीत. पाऊस ताणला, पीक सुकून पिवळं पडलं, तर मालकानं बोलावलं तरी त्या रानात जायचे नाहीत. "कमरंच्या वर गेल्याबिगर जोंधळा आपला न्हाई," असं म्हणायचे. पुढं सांगलीच्या कॉलेजात शिकताना कळलं, की कोवळ्या जोंधळ्यात सायनाइड दडवून ठेवलेलं असतं. झाडाची ती राखण आहे. कुणी चावलं की पेशी फुटतात, दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात आणि विष सुटतं. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण शरीराला तो वापरताच येत नाही. त्या तासाला मी बाकावर बसून एकटीच हसत होते. बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "काही नाही, आमच्या अण्णांना हे ठाऊक आहे."

जवसात ते असतं, कडू बदामात असतं. थोडंथोडकं पोटात गेलं तर आपलं शरीर गंधकाला हाताशी धरून ते निवळून बाहेर टाकतं. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या पोटात एक छोटं ईटीपी, सांडपाणी निवळायचा कारखाना, चालू असतं, आणि त्याला माझ्यासारखी पगारी बाई लागत नाही.

नवरा मला कुपवाडलाच भेटला. तो शेजारच्या मशीन शॉपमध्ये होता, आणि चहाच्या टपरीवर जे जमलं त्याबद्दल याहून जास्त मी लिहीत नाही. त्याचं गाव पाटणच्या वर, डोंगरात. सासरे फौजेत होते. ते गेल्यावर सासूबाई सांगलीला आमच्याकडे राहायला आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. उंच, सडसडीत, बोलायला फटकळ आणि हाताला चव असलेली बाई. आमच्या जतकडच्या स्वयंपाकात दोनच रंग, तिखटाचा लाल आणि भाकरीचा पांढरा. आत्यांनी रानातल्या इतक्या हिरव्या भाज्या घरात आणल्या, की पहिल्या वर्षी मला प्रत्येक जेवणाला "हे काय आहे?" असं विचारावं लागायचं.

त्यातली एक कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, कोंबांची. आषाढ-श्रावणात डोंगरात कळकाला जमिनीतून जाड कोंब फुटतात. आत्यांचा भाऊ ते काढायचा, टोपलीत भरायचा आणि पाटणला येऊन एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचा. माझा नवरा सांगलीच्या स्टँडवर जाऊन टोपली उतरवून घ्यायचा. हा त्यांच्या घरातला दर वर्षीचा रिवाज. आत्या त्या दिवशी सकाळपासून खुशीत असायच्या. कोंबाची केसाळ टरफलं सोलायची, आतला पांढरा गाभा पातळ चिरायचा, पाण्यात घालायचा. ते पाणी टाकायचं, दुसरं घालायचं. असं चार वेळा. मग उकळायचं, तेही झाकण न ठेवता, आणि ते पाणीसुद्धा फेकायचं. त्यानंतर हरभऱ्याची डाळ, लसूण आणि सुकी मिरची घालून भाजी.

आमची मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. आत्या टोपलीपाशी बसून चिरत होत्या आणि मुलीला सांगत होत्या, "उद्या तुला बी घास देनार हाय." ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात कॉलेजचं पुस्तक उघडलं. कळकाच्या कोंबात सायनाइड असतं, जोंधळ्यापेक्षाही जास्त.

माझ्याकडे कॉलेजातल्या बाईंनी दिलेल्या पिवळ्या पट्ट्या होत्या. अशी पट्टी बाटलीत टांगायची, खाली वाटलेला कोंब ठेवायचा, झाकण लावायचं. विष सुटत असेल तर पिवळ्याची नारिंगी होते, जास्त असेल तर विटकरी. मी आत्यांच्या पातेल्यातल्या चार फोडी गुपचूप उचलल्या, वाटल्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत पट्टीखाली ठेवल्या. अर्ध्या तासात पट्टी विटकरी झाली.

पुढचं लिहायला आजही अवघड जातं. मी ते पातेलं उचललं आणि सगळे कोंब मोरीत ओतले. आत्या दारात उभ्या होत्या. मी त्यांना पट्टी दाखवली. म्हटलं, "हे विष आहे आत्या. लेकराला घालणार होता तुमी." त्यांनी पट्टीकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"माझ्या हातचं इख वाटलं व्हय गं तुला?" त्या म्हणाल्या. "चार पोरं वाढवली म्या ह्या भाजीवर. त्यातलाच एक तुझा न्हवरा हाय."

आणि त्या आत जाऊन बसल्या. दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी भावाला निरोप पाठवला, की टोपली पाठवू नको, आमच्यात कोन खात न्हाई.

शितावरून भाताची परीक्षा करावी, पण भात शिजल्यावर. मी ती पहिल्याच पाण्यात केली होती. हे मला महिन्याभरानं उमगलं, तेही हौदाच्या काठावर. आमच्यात नवीन आलेला एकजण पहिल्या डोसनंतरचं पाणी तपासून "म्याडम, फेल झालं" म्हणत धावत आला. मी त्याच्यावर खेकसले, "अरे, अजून झालं कुठंय!" आणि तोंड उघडं तसंच राहिलं.

मग मी एक काम केलं. बाजाराच्या दिवशी कोकणातून आलेल्या एका बाईकडे कोंब मिळाले. ते शॉपवर नेऊन आत्यांच्याच पद्धतीनं चिरले, तसंच पाणी बदललं आणि प्रत्येक पाण्यानंतर एक पट्टी टांगली. पहिली विटकरी. दुसरी नारिंगी. तिसरी नारिंगीची नुसती छटा. चौथी पिवळीधम्मक, जशी टांगली तशी. वर पुन्हा झाकण न ठेवता उकळायचं, म्हणजे जे काही उरलं असेल ते वाफेबरोबर जायचं. चिरल्यानं विष सुटतं, पाण्यात उतरतं, उकळीत उडतं. मी हायपो आणि पीएचचा मीटर घेऊन जे करत होते, तेच आत्या एका पातेल्यात करत होत्या, आणि त्यांना ते त्यांच्या आईनं शिकवलं होतं.

मिस्त्रींनी त्या चार पट्ट्या बघितल्या. सगळी हकिकत ऐकली आणि म्हणाले, "मग आता घरी जाऊन सासूबाईंच्या पाया पडा."

मी पडले नाही. त्या चार पट्ट्या एका पाकिटात घालून माझ्या लॅबच्या वहीत ठेवल्या. रोज ठरवायचे की आज सांगू. पण चूक कबूल करायची तर पातेलं ओतल्याचं पुन्हा काढावं लागणार, आणि ते काढायला माझी जीभ रेटेना. अति शहाणी म्हणतात ती अशी. दिवस गेले, आत्यांचा राग निवळल्यासारखा दिसला, मुलगी शाळेत जायला लागली, आणि मला वाटलं, आता कशाला उकरा. पट्ट्या वहीतून वहीत हलत राहिल्या.

दोनेक वर्षांपासून आत्या विसरायला लागल्या. आधी बारीकसारीक. चहात साखर दोनदा. मग भाजीत मीठ दोनदा. मग दूध गॅसवर ठेवून देवळात. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, एकदम काही थांबवू नका, जमतं ते करू द्या. पण यंदा जूनमध्ये गॅस नुसताच चालू राहिला आणि घरभर वास पसरला तेव्हा माझा नवरा घाबरला. त्यानं आईला स्वयंपाकघरात जायला मना केलं. आत्या हॉलमधल्या खुर्चीत बसू लागल्या. हातात मटकी नाहीतर शेंगा दिल्या तर निवडायच्या, नाहीतर नुसत्या बसायच्या. एवढी बोलणारी बाई गप्प झालेली बघवत नव्हतं. एकदा मला म्हणाल्या, "पोरी, आता मी ह्या घरात पावनीच की."

श्रावणात त्यांच्या भावाचा फोन आला. रविवारी मामा-मामी आमच्याकडे येणार होते, आणि मामांनी बहिणीच्या ओढीनं शनिवारच्या एसटीनं टोपलीही पाठवली होती. इतक्या वर्षांनी. नवरा ती घेऊन आला आणि दारातच म्हणाला, "ही शेजारी देऊन टाक."

आत्या खुर्चीतून उठून आल्या. टोपलीवरचं फडकं बाजूला केलं आणि कोंबावरून हात फिरवला. "उद्या भावाला भाजी करून घालते," असं त्या म्हणाल्या, पण विचारल्यासारखं.

"आई, नको," नवरा म्हणाला. मग मला आत घेऊन खालच्या आवाजात, "तुला माहितीये ना ते काय आहे? ती एखादं पाणी विसरली, आणि मामा-मामींना काही झालं तर?"

त्याचं चुकीचं नव्हतं. भीती मलाही होती. पण हे माझ्या डोळ्यांपुढे अगदी स्पष्ट होतं, की ही भाजी आत्यांच्या हातून गेली तर त्या पुन्हा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाहीत. पहिल्यांदा ती मीच काढून घेतली होती. मी म्हटलं, "आवं, करू द्या त्यांना. जिम्मा माझा. गॅसपाशी मी उभी राहीन." त्यानं टोपली आत आणून ठेवली.

दुपारी आत्या चिरायला बसल्या. मला वाटलं होतं हात अडखळतील, पण सुरी इतकी सराईत चालत होती की आमची मुलगी, आता पाचवीत आहे, गालावर हात ठेवून बघत राहिली. पहिलं पाणी चार वाजता घातलं. मी ठरवलं होतं, मध्ये पडायचं नाही. त्यांचं काम त्यांना करू द्यायचं.

रविवारी सकाळी सात वाजता मी चहाला उठले तर आत्या पातेल्यासमोर उभ्या होत्या. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत होत्या. एक, दोन. पुन्हा एक, दोन. मी आल्याचं कळल्यावर त्यांनी हात पदराखाली घेतला.

"काय झालं आत्या?"

"काय न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तीन झाली का चार, ध्यानात येईना गं. उठल्यावर बदललं का न्हाई मी? पातेलं तर भरलेलं हाय."

मीही झोपलेली होते, मला कुठं माहीत. इतक्यात त्याच म्हणाल्या, "तुझी ती पिवळी चिठ्ठी हाय का गं? बाटलीत घालतीस ती?"

नऊ वर्षं ज्या बाईसमोर मी त्या पट्टीचा उच्चार केला नव्हता, ती माझ्याकडे पट्टी मागत होती. मी "हाय की" एवढंच म्हटलं आणि कपाटाकडे वळले.

या वेळी फोडी त्यांनीच निवडून दिल्या, जाड बघून. मी वाटल्या, बाटलीत घातल्या, पट्टी टांगली आणि बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात उभी केली, म्हणजे लवकर कळतं. दोघी ओट्यापाशी स्टुलं घेऊन बसलो. मी त्यांना सांगत होते आमच्या हौदाचं, पहिला डोस, दुसरा डोस, गप्पी मासे. त्या म्हणाल्या, "म्हंजे तू बी पानीच बदलतीस की दिसभर. त्याचा पगार देत्यात व्हय?" मी म्हटलं, "देतात थोडा." त्या हसल्या. जूननंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना ऐकलं.

आठ वाजता पट्टीकडे बघितलं. पूर्ण पिवळी नव्हती. नारिंगीची छटा होती, फार नाही, पण होती. ती छटा माझ्या ओळखीची होती. तिसऱ्या पाण्याची.

एक क्षण मनात आलं, पट्टी खिशात घालावी, "झालंय" म्हणावं आणि त्यांचं लक्ष नसताना पाणी बदलावं. त्यांना बरं वाटलं असतं. पण त्या पट्टीकडेच बघत होत्या, आणि त्यांच्यापासून लपवून ठेवण्याचं माझं आधीचंच खूप झालं होतं.

"एक पानी राह्यलंय आत्या," मी म्हटलं.

"व्हय?" त्या उठल्या. "मग घालू की. त्याला काय हुतंय." आणि पातेलं उचलून मोरीकडे निघाल्या. त्याच मोरीत पाणी ओतलं, चाळणीत अडकलेली एक-एक फोड हातानं वेचून परत पातेल्यात घातली. माझा नवरा तोंड पुसत आला आणि ओट्यावरची पट्टी बघून थबकला. "हे काय? यात तर आहे अजून."

"अजून व्हायचं आहे," मी म्हटलं. "शॉपवर पण अर्ध्यात पाणी सोडत नाही मी. बसा तुमी बाहेर."

साडेअकराला दुसरी पट्टी काढली. पिवळी. मी ती खिडकीपाशी उजेडात धरली, कोऱ्या पट्टीशेजारी ठेवून बघितली. दोन्हींत काही फरक नव्हता. आत्यांनी विचारलं नाही, माझ्या तोंडावरूनच ओळखलं आणि मोठं पातेलं गॅसवर चढवलं. गॅस मी पेटवला, बाकी सगळं त्यांनी केलं. मामा-मामी आले तेव्हा पातेल्यातून वाफ निघत होती. मामींनी सवयीनं पातेल्यावर ठेवायला झाकण उचललं तसं आत्या ओरडल्या, "आगं, झाकू नगंस! लगीन हून तीस वरसं झाली, अजून शिकली न्हाईस?" सगळं घर हसलं. त्यांच्या आवाजात तो जुना फटकळपणा होता आणि मला तो इतका गोड लागला.

जेवायला पंगत बसली. मुलीनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "आजी, हे चिकनसारखं लागतंय." या भाजीचा तिच्या आयुष्यातला हा पहिलाच घास होता. दीड वर्षाची असताना तिला देणार होते, तो इतक्या वर्षांनी मिळाला. नवऱ्यानं दोनदा भाजी वाढून घेतली. तिसऱ्यांदा मागताना त्याचे डोळे जरा ओले दिसले, पण त्यानं ते सुक्या मिरचीवर ढकललं. मामांनी लिंबाची फोड मागितली. मी उठून आणून दिली आणि नवरा म्हणाला, "मामा, नशीबवान आहात. आमच्या मालकीणबाई दुसऱ्या कुणाला लिंबू देत नाहीत."

मामा जेवता जेवता म्हणाले, "आक्का, मला वाटलं तू ही भाजी सोडलीस. निरोप पाठवला हुतास की न्हवं, टोपली पाठवू नगं म्हनून. काय झालं हुतं गं तवा?"

माझा हात ताटातच थांबला. नवऱ्यानंही मान खाली घातली.

आत्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवून बघितलं. "कोन जानं," त्या म्हणाल्या. "आमची सून तवा नवीन हुती. शिकलेली. तिनं त्या चिठ्ठीनं तपासून बघितलं हुतं माझं कोंब." मग चेहरा एकदम उजळला. माझ्याकडे हात करून सगळ्यांना अभिमानानं सांगायला लागल्या, "आनि मला म्हनाली, आत्या, तुमच्या भाजीत इखाचा टिपूस न्हाई. तवाच म्हनाली. व्हय न्हवं गं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवऱ्याला खरं ठाऊक होतं.

मी उठले. हात धुतले आणि कपाटातली वही आणली. पाकीट उघडून चारही पट्ट्या आत्यांच्या ताटाशेजारी ओळीनं मांडल्या. विटकरी, नारिंगी, छटेची आणि पिवळी. इतक्या वर्षांत रंग जरा उतरले होते, पण चौथी कोणती ते कळत होतं.

"व्हय आत्या," मी म्हटलं. "चार पाण्यांनंतर ही अशी पिवळी राहिली हुती. सांगायचं राहून गेलं हुतं माझ्याकडनं."

आत्यांनी डाव्या हातानं ती चौथी पट्टी उचलली, मामींना दाखवली आणि उशाच्या बटव्यात ठेवायला मुलीच्या हाती दिली. मग माझ्या ताटाकडे बघून म्हणाल्या, "बस आता. तुझी भाकरी गार व्हायला लागली."